पुणं बंद, आम्ही चालू

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे लिहितेय ते फक्त मनावरचं ओझं वाढत चाललंय म्हणून.

कसबा पेठेत आमचं छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन होतं. रेंज जेमतेम पाच-सहा किलोमीटर. परवान्यावर लांबलचक इंग्रजी आद्याक्षरं होती, ती कुणालाच पाठ नव्हती. शेवटी सलीमभाईंनी नाव दिलं - 'रेडिओ एक ते चार'. कारण आमचं प्रसारण नेमकं दुपारी त्याच वेळात, अख्खं पुणं शटर ओढून झोपलेलं असताना! दर अर्ध्या तासाने त्यांचा तो खर्जातला आवाज यायचा... "रेडिओ एक ते चार. पुणं बंद, आम्ही चालू!" लोक रस्त्यात थांबवून त्यांच्याकडून ते वदवून घ्यायचे.

सलीमभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आमच्याकडे ते हौसेने यायचे. मी कार्यक्रमांचं वेळापत्रक बघायचे.

मग परवान्याचं नूतनीकरण झालं नाही आणि स्टेशन बंद पडलं. अँटेना उतरवून गोदामात ठेवला. त्याच सुमारास सलीमभाईंना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला. दुखणं मात्र थांबलं नाही.

एकदा भाभींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. "ताई, यांच्या आवाजाचं एखादं रेकॉर्डिंग असेल ना हो?" मी सगळं धुंडाळलं. कॉम्प्युटर आधीच भंगारात गेला होता. काही म्हणजे काही मिळालं नाही.

तेच सांगायला बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास त्यांच्या घरी गेले. सलीमभाई कॉटवर उशीला टेकून बसले होते, गळ्यात नळी, मांडीवर पाटी. भाभींशी ते पाटीवर उर्दूत बोलायचे, माझ्याशी मराठीत. भाभी मराठी फर्डं बोलतात, पण वाचता येतं फक्त उर्दू.

फळीवरचा रेडिओ चालू होता. नुसती खरखर.

"यांना सवय आहे ना," भाभी म्हणाल्या, "म्हणून एकला लावतेच."

रेकॉर्डिंग मिळालं नाही, असं मी सांगत होते... आणि खरखर थांबली.

"रेडिओ एक ते चार. पुणं बंद, आम्ही चालू!"

सलीमभाईंचाच आवाज! ते माझ्यासमोर बसलेले, ओठ मिटलेले. मला वाटलं, जुनं काहीतरी कुठूनतरी लागलंय. पण आवाज पुढे म्हणाला, "आज बुधवार. कसब्यात संध्याकाळी पाणी येणार नाही, भरून ठेवा." ही बातमी मी त्याच सकाळी पेपरात वाचली होती.

मग जरासं हसून - "आणि मंडळी, माझी काळजी करू नका. मी अगदी ठणठणीत आहे."

भाभी रडत होत्या आणि हसतही होत्या. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

सलीमभाईंनी पाटी ओढली. लिहून त्यांनी ती माझ्याकडे वळवली, मराठीत -

'ताई, हा मी नाही. बंद करा.'

"काय लिहिलंय हो?" भाभींनी विचारलं.

मी भाभींच्या चेहऱ्याकडे बघितलं... आणि म्हणाले, "आवाज वाढवा, म्हणतायत."

भाभींनी धावत जाऊन बटण पूर्ण फिरवलं. सलीमभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. चारपर्यंत तो आवाज बोलत राहिला. मी तिथेच बसून होते. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी पाटी हातात घेतली नाही.

आठव्या दिवशी ते गेले.

मी आमच्या इंजिनिअरला गाठलं. तो वैतागून म्हणाला, "अहो, ट्रान्समीटर सीलबंद आहे, अँटेना गोदामात. तुम्ही काय ऐकलंत ते तुमचं तुम्हाला माहीत." शेजारी दोन घरांत विचारलं. त्या दुपारी त्यांच्या रेडिओवर त्या जागी खरखरच होती. तो आवाज कुणाचा होता, त्याला काय हवं होतं, मला आजतागायत कळलेलं नाही. पुन्हा तो कधी आलाही नाही.

भाभी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "स्वतःचा आवाज ऐकून समाधानाने गेले." ती पाटी त्यांनी पुसलेली नाही. कापडात गुंडाळून कपाटात ठेवलीय. परवा मला म्हणाल्या, "ताई, मला मराठी वाचायला शिकवाल? त्यांचं शेवटचं अक्षर एकदा स्वतः वाचायचंय."

मी हो म्हणाले. त्यानंतर त्यांचे तीन फोन आले. मी उचललेले नाहीत.