मांदेलीवरचं जाळं

उन्हात वाळत घातलेल्या मांदेलीचा वास आला की आजही माझ्या मस्तकात तिडीक जाते. लहानपणी बाळकुमला आमच्या मिठागराच्या बांधावर मला सशाचं पिल्लू सापडलं होतं. वर सदा घारी फिरत, म्हणून बापाचं फाटकं जाळं मागून घेतलं, त्याची भोकं स्वतः विणून बुजवली आणि अंगणाच्या कोपऱ्यात चार खुंटांवर ताणून पिल्लू खाली ठेवलं. एके दिवशी कल्याणहून आगगाडीने पाहुणे यायचे होते. त्यांच्यासोबत द्यायला आत्याने अंगणात मांदेली पसरली होती. मी विहिरीवरून आले, तर माझं जाळं मासळीवर, कोपऱ्यात नुसते खुंट, आणि छपरावर घार पिल्लाला टोचत होती. “जाळं का काढलंस?” मी किंचाळले. आत्या म्हणाली, “अगो, घारीने मासळी नेली असती ना! सशापायी काय रडतेस?” वर तेवढ्यात आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं, “जाळं आमच्या पोरीनेच विणलंय हो!” मी कोयता आणला आणि सगळ्यांदेखत त्या जाळ्याच्या चिंध्या केल्या. बापाने बडवलं. आज माझी साठी उलटली. घार बिचारी भुकेली होती, तिला मी केव्हाच माफ केलं. आत्याला अजून नाही.