दसऱ्याला बसवलेला कॉम्प्युटर

१९८९ सालच्या दसऱ्याला, सकाळी, मुलुंडच्या आमच्या घरी कॉम्प्युटरचे नवे भाग बसवले. एकूण रक्कम सत्तावीस हजार सहाशे. पंचवीस हजार तिथल्या तिथे दिले, बाकी मशीन चालू झाल्यावर. हजर तिघे: मी, माझी बायको आणि घाटकोपरचा दुकानदार, जो मेकॅनिकही स्वतःच होता.

नोकरी सुटल्यावर मी घरूनच भांडुपच्या एका कारखान्याचे पगार आणि बोनसचे तक्ते करून देत असे. शंभरावर कामगार. जुनं मशीन फार हळू चालायचं, म्हणून फंडाच्या पैशातून नवा बोर्ड, हार्ड डिस्क आणि पडद्यावर अक्षरं पाठवणारं डिस्प्ले कार्ड घेतलं. जुना बोर्ड, कार्डासकट, दुकानदाराने बदल्यात घेतला. कारखान्याच्या मालकाने बजावलं होतं, तक्ते वेळेत आले तर बोनस दिवाळीआधी, नाही तर दिवाळीनंतर.

दसरा म्हणून दुकानदाराने प्रत्येक भाग बसवण्याआधी त्याला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. बायको म्हणाली, "अहो, वरच्या डब्याला लावा की."

"वहिनी, आतल्या देवाला नैवेद्य बाहेरून दाखवतात का?" तो हसला. आम्हीही हसलो.

बटण दाबलं. पंखा फिरला, एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या आल्या आणि पडदा काळाच राहिला. त्याने केबली काढल्या, घातल्या. तेच.

"व्होल्टेज, साहेब. तुमच्या मुलुंडचं व्होल्टेज म्हणजे वाट लागलेलं. आणि घरात मिक्सर चालतो ना?"

"मिक्सर चार वर्षं चालतोय," बायको म्हणाली. "तेव्हा नाही कधी पडदा काळा झाला."

तरी मी त्याच्याचकडून साडेअकराशेचा स्टॅबिलायझर घेतला. दोन दिवसांनी तो आला, स्टॅबिलायझर लावला. पंखा, शिट्ट्या, काळा पडदा. आता म्हणे कार्ड उडालं. नवं बेचाळीसशेला, आणि दोष व्होल्टेजचा म्हणून गॅरंटी लागू नाही.

"मग माझा जुना बोर्ड परत बसवा. निदान काम तरी होऊ दे."

"तो गेला हो साहेब. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आलं."

माझं डोकं सणकलं. माझ्या पैशाने त्याने दसरा साजरा केला होता आणि वर मलाच विचारत होता, "खरं सांगा, तुम्ही आत काही हात लावलात ना?" मी त्याला दार दाखवलं. दाराबाहेरून तो म्हणाला, "भेटीचे दीडशे राहिले."

मालकाला फोन केला, चार दिवस मागितले. तो म्हणाला, "कामगारांना काय सांगू, साहेबांचा कॉम्प्युटर आजारी आहे?" हाताने तक्ते करायला बसलो, पण हजेरी, ओव्हरटाइम, उचल सगळं फ्लॉपीत होतं आणि फ्लॉपी वाचायला मशीन नव्हतं.

शेवटी ठरवलं, कार्ड काढून दुसऱ्या दुकानात तपासून घ्यायचं. स्क्रू सोडला, कार्ड उपटून बायकोच्या हातात दिलं. तिने ते खिडकीशी धरलं.

"अहो, हे बघा."

कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, त्या खाचेत टेकल्या की वीज पुढे जाते. त्यांवर कुंकवाचा वाळलेला पापुद्रा होता. बाकी कार्डावर सगळीकडे टोकंच टोकं; बोट टेकायला सपाट जागा तेवढीच, म्हणून त्या शहाण्याने नेमकं तिथेच टेकवलं होतं.

खोडरबराने पट्ट्या घासल्या, खाच कोरड्या ब्रशने झाडली, कार्ड बसवलं. बटण दाबल्यावर एकच शिट्टी आली आणि पडद्यावर अक्षरं उमटली. आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. राग आला. बेचाळीसशे मागणाऱ्या माणसाने एकदाही कार्ड बाहेर काढून पाहिलं नव्हतं.

तक्ते दोन दिवस उशिरा गेले. बोनस दिवाळीआधी मिळाला, कारण मालकाने कारकुनांना रविवारी बसवलं. त्याचे चारशे रुपये माझ्या बिलातून कापले. त्यावर मी वाद घातला नाही. त्याचं बरोबर होतं.

दुकानदार बाकी मागायला आला. मी कुंकवाचं सांगितलं.

"देवाचंच होतं ना, साहेब! मी काय विष लावलं?"

"देवाचं नाव घेऊ नका. कार्ड काढून का नाही पाहिलं?"

"गॅरंटीचं सील..."

"सील तुमचंच होतं," बायको म्हणाली.

मी स्टॅबिलायझर त्याच्या पुढ्यात ठेवला. सव्वीसशेतून त्याचे साडेअकराशे आणि मालकाने कापलेले चारशे वजा केले. भेटीचं काही दिलं नाही. त्याने दोनदा मोजून घेतले, पावतीवर सही करताना पुटपुटला, "एवढं कोण करतं, यार." घाटकोपरच्या दुकानदाराला एक हजार पन्नास रुपये रोख.