उत्तराशेजारचा चौकोन

आज मुग्धाच्या क्लासमध्ये मागच्या बाकावर बसले होते आणि जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवतच नाहीये. मुग्धा म्हणजे आमच्या एमएस्सी गणिताची टॉपर. आता बँकेच्या परीक्षांसाठी झटपट गणितं शिकवते. पीएचडीच्या फॉर्मचा आज शेवटचा दिवस, म्हणून तिला आठवण करून द्यायला गेले होते.

तिनं फळ्यावर गणित सोडवलं आणि उत्तराशेजारी एक छोटा चौकोन काढला. सिद्धता पूर्ण झाली की आम्ही काढायचो ना, तोच! हात आपोआप गेला असणार.

"मॅडम, हा चौकोन म्हणजे आणखी एक पर्याय का?" पुढची एक मुलगी म्हणाली. सगळे हसले.

"नाही गं, सवय," म्हणत मुग्धानं तो बोटानं पुसला.

मला एकदम भरून आलं. गणितवाल्यांना काय कमी, बँक आहे, विमा आहे, डेटा आहे, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण एखादीला त्यातलं काहीच नको असतं, तिनं काय करायचं? त्या चौकोनापर्यंत पोचायला मुग्धाला कधीकधी आठवडा लागायचा, आणि त्या आठवड्यात ती काय खूश असायची!

क्लास सुटल्यावर फॉर्मचं विचारलं.

"घेतला होता गं भरायला," ती हातावरचा खडू झटकत म्हणाली. "कशावर काम करणार ते लिहायचं होतं. दोन तास बसले. एकही प्रश्न सुचला नाही."