सोलापूरला जायचं ठरलं तेव्हा

हे मी कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, कंपनीतल्या दोस्तांना तर नाहीच नाही. देवळात उभा राहिलो की पोराबाळांचं काहीबाही मागतो आणि निघून येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही.

मी तापट आहे. आमच्या नावड्यात कुणालाही विचारा — आधी हात उठतो, अक्कल मागून येते. कप फोडलेत, दरवाजे फोडलेत, एकदा सख्ख्या मेव्हण्याचे दात पाडलेत. आणि लोक वर काय म्हणतात? भाऊ रागीट हाय, पन मनाचा साफ हाय. मनाचा साफ! असं कुणी म्हटलं की त्याच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

तळोज्याला आमची कंपनी होती. आमची जमीन तिच्यात गेली म्हणून मला तिथं नोकरी लागली. पुढं तिथं मोठा संप झाला, आणि त्या संपात बरोबर बसलेले आम्ही बारा-पंधरा जण अजून दर थंडीला सहलीला जातो. यादी माझ्याकडं. गाडी कुठली, नाश्ता कुठं, मुक्काम कुठं — यात माझा हात धरणारा कुणी नाही. दर वर्षी कुणीतरी सोलापूर काढतंच. सिद्धेश्वर बघू, हुरडा खाऊ, शेंगाचटणी आणू, चादरी घेऊ. आणि दर वर्षी मी ते हाणून पाडतो. तिथं फार ऊन असतं म्हणालो — डिसेंबरात! एकदा म्हणालो, बंद गिरण्यांचं गाव ते, तिथं बघायचं काय? सगळे माझं ऐकतात. पण खरं कारण एवढंच, की तिथं मल्लिनाथ राहतो.

मल्लिनाथ माझ्याच मशीनवर होता आणि आमच्याच चाळीत भाड्यानं राहायचा. सोलापूरचा. त्याचा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि बाप घरी बसला. तो सांगायचा — चिमण्या तशाच उभ्या आहेत ओ भाऊ, पण सकाळी भोंगा होत नाही, तर माणसांना उठावं कशाला तेच कळत नाही. शांत माणूस. माझ्या आईला गावाहून कडक भाकऱ्या आणायचा. संप झाला तेव्हा आम्हाला वाटलं, हा घाबरणार. तर हाच पहिला संपाच्या मांडवात येऊन बसला.

आता कसं सांगू? सांगतोच.

कंपनीनं एक कागद काढला होता — हमीपत्र. यापुढं संप करणार नाही, असं लिहून द्यायचं आणि आत जायचं. सही करेल तो फितूर, अशी मांडवात मीच शपथ घातली होती. सगळ्यांत मोठा आवाज माझा. मॅनेजरच्या गाडीची काचही मीच फोडली होती, आणि त्याच्या तक्रारीत पहिलं नाव माझं होतं. त्यानं मागच्या गेटनं बोलावलं. सही कर, नाव काढतो, कामावर नंतर ये म्हणाला. मी केली. किती वेळ घेतला असेन? दोन मिनिटंसुद्धा नाही. तुरुंगाला भ्यालो. गाडी फोडताना भ्यालो नव्हतो, तेव्हा भोवती माणसं होती.

पेन खाली ठेवलं आणि मान वर केली, तर दारात मल्लिनाथ. त्याच्या आईला दवाखान्यात ठेवायचं म्हणून ईएसआयचा, कामगार विम्याचा कागद न्यायला आला होता. चोरून नाही — आदल्या दिवशी मांडवात मलाच विचारून. त्यानं कागद पाहिला, मला पाहिलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी कुणकुण लागली की आपल्यातला एक जण फुटला. कोण, कोण, कोण — सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. आणि मी म्हणालो, मल्लिनाथला काल आत जाताना मी पाहिलंय. एवढंच म्हणालो. हे शब्दाला शब्द खरं होतं — यासारखा हरामखोरपणा नाही. बाहेरगावचा, भाड्यानं राहणारा, बंद गिरणीतला. लोकांना लगेच पटलं. पटणार हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

नावडे फाट्यावर आम्ही त्याला गाठलं. सकाळचे अकरा, लख्ख ऊन, रस्ता वाहता. हातात दवाखान्याचा डबा होता त्याच्या. पहिली लाथ माझी. डबा उडाला, वरणभात रस्त्यावर सांडला. मग सगळेच तुटून पडले. बुक्के, चपला, कुणाचा तरी पट्टा. दामू माझा जिगरी — त्यानं केस धरून त्याचं तोंड डांबरावर आपटलं, ओठ फाटून रक्त माझ्या पँटवर आलं. उभ्या ट्रकमधून मी टॉमी काढली, चाक खोलायची ती लोखंडी. त्याच्यावर वाकलो, कॉलर धरली. तेव्हा तो बोलला. मोठ्यानं नाही, फक्त मला ऐकू येईल असं.

"मी कुणाला सांगणार नव्हतो ओ, भाऊ."

तुम्हाला वाटेल, इथं मी थांबलो असेन. नाही. त्याआधी मी टॉमी नुसती उगारली होती. हे ऐकल्यावर मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. उजवं मनगट त्यानं तोंडावर आडवं धरलं होतं. त्यातून जो आवाज आला तो मला आजही लाकूड फोडताना ऐकू येतो. राग नव्हता तो. राग मला ओळखता येतो. तो माणूस माझ्यापेक्षा चांगला आहे हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते मला सहन झालं नाही.

त्यानं पोलिसात कुणाचं नाव दिलं नाही. आठवड्याभरात खोली रिकामी करून गेला. पुढं समझोता झाला, आम्ही कामावर गेलो, गुलाल उधळला. मला खांद्यावर घेतलं.

यंदा ग्रुपवर दामूचा आवाज आला — "या वर्साला सोलापूरलाच जावाचा! त्या फितुराचा पत्त्या गावला. चादरीच्या दुकानान बसतंय, डाव्या हातानं पावत्या लिवतंय. त्याला बांगऱ्या भरून येव!" हसणारी तोंडं पडली, वीस-पंचवीस. भाऊ, यादी करा.

मी काय केलं? अंगठा दिला. यादी केली. शनिवारी सकाळी सहाला कळंबोलीहून गाडी, एक्सप्रेसवेवर नाश्ता, सिद्धेश्वर, हुरडा, चादरी. शेवटी बांगड्या. बांगड्या कोण आणणार? यादी ज्याची तोच.

परवा पनवेलच्या बाजारात गेलो. कासारणीनं हिरव्या बांगड्या काढल्या आणि विचारलं, "हात कसा हाय काका, मऊ का कडक?" बाईमाणसासाठीच घेतोय, असंच तिला वाटणार. मी म्हणालो, उजवा मोडलेला आहे, मनगट वळत नाही.

"अगं बाई! कसा मोडला?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"मी मोडला," म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

तिचा हात थांबला. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. बांगड्या उचलून परत खोक्यात ठेवल्या. "तुमाला मी बांगड्या नाय देनार," म्हणाली, "निघा इथनं."

शेजारची गिऱ्हाइकं वळून बघत होती. मी दुकानाची पायरी उतरलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. चार दुकानं ओलांडेपर्यंत बरं वाटलं.

पाचव्या दुकानात मी काही बोललो नाही. मोठ्या मापाच्या डझनभर घेतल्या, कागदात नीट बांधून मागितल्या, आणि तिथूनच गाडीवाल्याला फोन करून शनिवार पक्का केला.