यमुनाताईंचं न उघडलेलं खोकं

दुसरा ड्रम जेमतेम अर्धा भरला होता. आठ दिवसांनी नळ आला होता, तोही नेमका दसऱ्याच्या सकाळी. ड्रममध्ये नळी धरून उभी होते, तेवढ्यात शेजारच्या यमुनाताईंनी भिंतीवरून हाक मारली, "अहो, या ना! मुहूर्त चाललाय, खोकं उघडू."

मी नळी ह्यांच्या हातात दिली, पदर कमरेचा सोडला आणि गेले. त्यानंतर जे झालं त्याला आज सहा दिवस झाले, तरी माझं डोकं शांत नाही. माझ्या रोजच्या वहीत मी एरवी तिथी, स्वयंपाक, पोथीचे किती अध्याय झाले आणि पाणी कधी आलं एवढंच लिहिते. आज यमुनाताईंबद्दल लिहिणार आहे, कारण त्यांच्याबद्दल कुणी नीट विचारतच नाही, आणि सगळा घोळ तिथूनच झाला.

यमुनाताई बासष्ट वर्षांच्या. वडील तहसील कचेरीत कारकून. सतराव्या वर्षी मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात लागल्या. बावीस वर्षांपूर्वी यजमान, श्रीनिवासराव, गेले आणि त्याच वर्षी छापखानाही बंद झाला. तेव्हापासून पुंडलिकनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्या घरूनच टायपिंग करतात. त्या आल्या तेव्हा त्यांच्या खिडकीतून ज्वारीचं रान दिसायचं. आता समोर तीन मजली क्लास, त्याच्यावर जिम, आणि गल्लीतली बोअर कोरडी.

त्यांचं मुख्य काम म्हणजे खेड्यापाड्यांच्या हरिनाम सप्ताहांच्या पत्रिका. ज्याने पाहिली नसेल त्याला सांगते, ही पत्रिका म्हणजे दोन नावं आणि एक तारीख नव्हे. अख्खं गाव त्या एका कागदावर असतं. कीर्तनकार, वीणेकरी, मृदंगाचार्य, चोपदार, सात दिवसांच्या पंगतींचे अन्नदाते, मंडप देणारा, पाण्याचा टँकर देणारा. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाच्या आधी 'श्री' आणि कुणाच्या आधी 'ह.भ.प.', यावरून गावात वर्षभर बोलणं बंद होऊ शकतं. ती सगळी मानाची ओळ यमुनाताईंच्या फाइलींमध्ये आहे. दर वर्षी मागच्या वर्षाची फाइल उघडायची, तारखा आणि महाराज बदलायचे, एखादा वारला असेल तर नावाआधी 'कै.' लावायचं. यंदा तर शहराचं नाव बदललं म्हणून प्रत्येक पत्रिकेखालचा पत्ताही बदलावा लागला, आणि नवं नाव लांब, ओळीत मावेना; त्यांनी एकेक ओळ हाताने बसवली.

हे सगळं काम जुन्या मराठी फॉन्टमधलं, जुन्या प्रोग्रॅममधलं. तो प्रोग्रॅम लॅपटॉपच्या कडेला पेनड्राइव्हसारखी एक बोटभर किल्ली खोचल्याशिवाय उघडत नाही, आणि चालतो फक्त विंडोजवर. त्यांचा लॅपटॉप विंडोज सातचा. गेल्या वर्षभरात त्याने मान टाकत आणली. वीस मिनिटांत तापतो आणि बंद पडतो. ईमेलचं पान उघडलं की 'तुमचा ब्राउझर जुना झाला' म्हणून हाकलून देतं.

दुरुस्तीवाले फकिराभाऊ यांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, "ताई, ह्याला किती ठिगळं लावू? नवा घ्या. विंडोजचाच घ्या. अन् घेण्याआधी दुकानातच किल्ली लावून, तुमची फाइल उघडून बघा. उघडली तरच घ्या."

किती साधं सांगितलं होतं! पण मध्ये अधिक श्रावण आला. अधिकात नवी वस्तू नको, असं मी म्हटलं. हो, मीच म्हटलं. यमुनाताईही पाळणाऱ्या, त्यांनी मान डोलावली. मग गणपतीत त्यांचा भाचा हिमांशू पुण्याहून आला. मोठ्या कंपनीत आहे, बोलतो गोड, ऐकत मात्र काही नाही.

"मावशी, विंडोज? अगं, सारखे अपडेट, सारखे व्हायरस. मॅक घे. दहा वर्षं बघायला नको. आम्ही सगळे तेच वापरतो."

"अरे, पण माझी किल्ली..."

"कसली किल्ली, मावशी! आता किल्ल्याबिल्ल्या कुणी वापरत नाही. तुला पत्रिकाच टाइप करायच्यात ना? त्या कशावरही होतात."

पत्रिकाच! तो 'च' मला तेव्हाच टोचला होता. गणपतीसमोर बसलेली म्हणून मी गप्प राहिले. आता वाटतं, उगाच गप्प राहिले.

मग म्हणाला, सेल लागेल तेव्हा मी पुण्यातून ऑर्डर करतो, थोडी भर मी घालतो, तू काही बघू नकोस. आणि सेल लागला कधी? पितृपक्षात. या कंपन्यांना दुसरे पंधरा दिवस मिळाले नाहीत का? घरोघर पितरांची पानं वाढली जात असताना ह्यांच्या जाहिराती, 'आजच घ्या, चारच दिवस!' हिमांशूने फोन करून सांगितलं, "मावशी, मागवला." यमुनाताई माझ्याकडे आल्या, चेहरा उतरलेला. श्रीनिवासरावांची तिथी दोन दिवसांवर होती.

"घरात कसं घेऊ हो मी खोकं?"

तेव्हा मी तोडगा काढला. पडेगावला माझी धाकटी जाऊ आशाबाई राहते, नव्या सोसायटीत. ती काही पाळत नाही. "खोकं तिच्याकडे जाऊ दे," मी म्हटलं. "ती घेईल. तिथंच राहील. दसऱ्याला आणू, पूजा करू, मग उघडू."

आशाबाई फोनवर हसली. "आणा की. माझ्याकडे पितरं येतच नाहीत, त्यांना लिफ्ट सापडत नाही." असलं बोलते. पण खोकं नीट ठेवलंन, कपाटावर, चादर घालून. पितृपक्ष संपला, घट बसले, नऊ दिवस गेले. खोकं पडेगावातच.

तर दसरा. पाटावर जुना लॅपटॉप, वरवंटा, शिवणाची कात्री आणि नवं खोकं. हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. यमुनाताईंनी नमस्कार केला आणि झाकण उघडलं. वस्तू देखणी, खोटं कशाला बोलू. चांदीच्या ताम्हनासारखी चकचकीत. त्यांनी पेनड्राइव्ह घेतला. लावायला जागाच नाही! भोकं निराळी. समोरच्या क्लासमधल्या मॅडमकडून एक जोडणी आणली. लावली. किल्ली लावली, किल्लीला तो मॅक ओळख देईना. वैजापूरकडच्या एका गावाच्या सप्ताहाची फाइल होती, तीही उघडेना. साधा मजकूर ठेवलेली दुसरी उघडली, तर जुना फॉन्ट त्यात नसल्याने पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरच्या खुणा. ह.भ.प. महाराजांच्या जागी काय होतं ते मी वहीतही लिहिणार नाही.

यमुनाताई पडद्याजवळ वाकल्या. चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा बघितलं. तेच.

हिमांशूला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य, "मग परत कर ना." दुसरं वाक्य, "थांब, कधी आला होता? दहाच दिवसांची मुदत असते. मावशी! दोन आठवडे खोकं उघडलंच नाही तुम्ही?"

"पितृपक्ष होता रे," यमुनाताई म्हणाल्या.

"कुठल्या शतकात राहता तुम्ही?"

मी फोन घेतला. "हिमांशू, शतकाचं राहू दे. मावशी काय काम करते, कशावर करते, हे तू एकदा तरी विचारलंस का?"

"काकू, नव्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करायचं. किती वेळ लागतो? वीकेंडला होईल."

बावीस वर्षांचं काम. वीकेंडला!

त्या रात्री मला झोप नाही. हिमांशूचा राग होता, कंपनीचा होता, आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचाही होता. पितृपक्षात नवी वस्तू वापरायला काढू नये, हे मी आजीपासून ऐकलं आहे आणि पाळीन. पण खोकं आशाबाईच्या घरी होतं, वस्तू तिच्या हातातली. तिने झाकण उघडून किल्ली लावून बघायला मनाई कुठं होती? पितर काय रागावणार होते? श्रीनिवासराव तर मुळीच नाही. ते बाजारातला नारळही हलवून बघितल्याशिवाय घेत नसत. मी देवाचं नाव पुढे करून विचार करायचं टाळलं. हे मी कबूल करते, पण म्हणून हिमांशूचं चुकलं नाही असं होत नाही.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी सोमनाथ आला. तो त्या वैजापूरकडच्या गावाच्या सप्ताह कमिटीचा, वाळूजला कारखान्यात कामाला. कार्तिकी एकादशीला सप्ताह बसतो.

"ताई, गेल्या सालचीच पत्रिका, नुसत्या तारखा अन् महाराज बदला. पण लई घाई हाय."

"पंगती तेवढ्याच?"

"कुठल्या तेवढ्या! औंदा पाऊस नाय, कपाशी गुडघ्याएवढी बी नाय. सातातल्या तीनच पंगती व्हतील." मग आवाज उतरवून म्हणाला, "पर नावं समद्यांची टाका. ज्यानं औंदा दिलं नाय त्याचं बी. जिथं व्हतं तिथंच. नाव गळलं तर माणूस देवळात यायचा नाय."

"सगळी टाकीन," यमुनाताई म्हणाल्या.

"तुमच्याच्यानं व्हत नसंल तर सांगा. तालुक्याला एक डिजिटलवाला हाय, येका दिवसात देतो. पर त्यो नावं कमी करा म्हणतो. डिझाइनमधी बसत नाय म्हणं."

"डिझाइन!" यमुनाताई एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज मी बावीस वर्षांत पहिल्यांदा चढलेला ऐकला. "सोमनाथ, रविवारी ये. तीनशे बारा नावं, तीनशे बारा जातील."

मग त्यांनी तो जुना, मरायला टेकलेला लॅपटॉप फरशीवर ठेवला, कारण फरशी गार. कूलर आहे, पण कूलरमध्ये घालायला पाणी कुठलं. वीस मिनिटं टायपिंग, प्रत्येक ओळीला सेव्ह, बंद पडला की अर्धा तास थांबायचं. थांबायच्या वेळात मी समोर बसून गेल्या वर्षीच्या छापील पत्रिकेवरून नावं वाचायची आणि यमुनाताई कागदावर खूण करायच्या. दोनदा तो मध्येच गेला, पण एकेक ओळच वाया गेली. चार दिवस असे गेले. रविवारी दुपारी सोमनाथने पत्रिका दोन्ही हातांत धरून वरून खाली वाचली, ओठ हलवत. एका जागी बोट ठेवलं. "हे आमचं आबा. औंदा पंगत नाय दिली त्यांनी." आणि कागदाची घडी न घालता, गुंडाळी करून घेऊन गेला.

तो गेल्यावर यमुनाताईंनी हिमांशूला फोन लावला. मला वाटलं रडतील. नाही.

"तुझा मॅक तू घेऊन जा. तुला आवडतो ना? वापर. भर घातलीस ती तुझीच. माझे पैसे मला पाठव, मी विंडोज घेते."

"मावशी, निदान दिवाळीच्या पाडव्याला तरी घे, तेव्हा ऑफर..."

"मला ऑफर नको आणि सल्लाही नको. मला माझी फाइल उघडायला पाहिजे."

फोन ठेवल्यावर मी सवयीने म्हणून गेले, "पाडवा दोन-तीन आठवड्यांवरच आहे हो, साडेतीन मुहूर्तांतला..." आणि जीभ चावली.

"मला गरज आज आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात आणखी दोन गावांची माणसं यायची आहेत. देवाला हे माहीत आहे."

  मी म्हटलं, मीही येते.

उद्या सकाळी साडेदहाला यमुनाताई पैठण गेटच्या दुकानांत विंडोजचा लॅपटॉप बघायला जाणार आहेत, आणि त्यांच्या पर्समध्ये किल्ली व पेनड्राइव्ह आत्तापासून घातलेले आहेत.