सोमवारचा अंगठा

कॉलेजची दोन वर्षं मी दर सोमवारी गैरहजर होते, पहिल्या बाकावर बसूनसुद्धा.

आमचं घर दापोलीकडच्या किनाऱ्यावर. आई बंदराजवळच्या शेडमध्ये कोळंबी सोलते. आठवीपासून शाळेच्या आधी मीही तिच्या शेजारी बसून सोलायचे. शिकायला पुण्यात आले, वारज्यात एका खोलीत तिघी राहू लागलो, तरी काम सुटलं नाही. शनिवारी दुपारी स्वारगेटहून एसटी, रविवारी दिवसभर शेड आणि सोमवारी सकाळी थेट कॉलेज. गाडीत पुस्तक उघडायचे, पण घाट लागायच्या आतच डोळा लागायचा.

बर्फातली कोळंबी दिवसभर सोलली की बोटांची टोकं पांढरी पडतात, कातडी सुटते आणि त्यांवरच्या रेघा पुसल्या जातात. हातमोजे घातले तर साल नीट पकडता येत नाही, म्हणून कुणी घालत नाही. आई तुरटीच्या पाण्यात हात बुडवायला लावायची. त्याने आग थांबायची, रेघा काही लगेच परत यायच्या नाहीत. आणि कॉलेजची हजेरी होती अंगठ्याच्या मशीनवर, ऑफिसच्या दाराशी. सोमवारी, मंगळवारी मशीन मला ओळखायचंच नाही. बुधवारनंतर ओळखायचं.

ऑफिसातल्या क्लार्कना सांगून पाहिलं.

"म्हणजे बोटं सोमवारी झिजतात आणि बुधवारी उगवतात," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "छान सोय आहे."

मी पुन्हा सांगायला गेले नाही. भांडायलाही अंगात त्राण लागतं. शेवटच्या वर्षी फळ्यावर यादी लागली. हजेरी कमी असलेल्यांना परीक्षेला बसता येणार नव्हतं. माझा नंबर तिसरा. पालकांना घेऊन या, असा निरोप आला.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती एक दिवसाचं काम बुडवून आली. क्लार्कनी मशीनची हकिगत सांगितली, तेव्हा तिने मान खाली घालून ऐकलं. मग माझा हात ओढून टेबलावर ठेवला आणि शेजारी स्वतःचे दोन्ही तळवे उताणे केले.

क्लार्कनी वाकून बोटांची गुळगुळीत टोकं पाहिली आणि कोरा कागद पुढे सरकवला. "अर्ज लिहा," एवढंच म्हणाले. "मागच्या सोमवार-मंगळवारांचं वर्गातल्या सरांकडून लिहून आणा. बसाल परीक्षेला."

स्वारगेटला एसटीची वाट बघताना आई म्हणाली, "आता शनिवारी येऊ नकोस. आलीस तर शेडच्या दारातून परत पाठवीन."

"अगं, तुला एकटीला..."

"माझ्या बोटांना रेघा नाही राहिल्या. तुझ्या राहूदेत."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षांची झोप साचली होती. आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण माझ्या वाट्याची कोळंबी आता तीच सोलणार होती.

त्या रविवारी मी दिवसभर झोपले. सोमवारी मशीनने पहिल्या खेपेलाच अंगठा घेतला, हिरवा दिवा लागला. मागच्या मुली पुढे सरका म्हणून ओरडत होत्या आणि मी तिथेच उभी राहून रडत होते.

क्लार्कनी आतून डोकं वर केलं. "आता काय झालं? लागला ना?"

"लागला, सर."

आदल्या दिवशी शेडमध्ये आईने माझीही टोपली स्वतःकडे ओढली असेल.