पऱ्हाटीखालचा गोळा

निवृत्तीनंतर बरेच गुन्हे डोक्यातून गेले. तो गोळा मात्र गेला नाही.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. दारव्ह्याकडच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. रोज सकाळी कामांची यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत एकेक काम खोडायचे, ही माझी सवय. त्या शनिवारी यादीत चौथे काम होते, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनातून यंत्राचे सुटे भाग गेल्याची फिर्याद. दुपारी खबऱ्या आला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या एका शेतकऱ्याने पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाखाली लोखंडी गोळा दडवला आहे, म्हणाला. झडती घेतली. गोळा सापडला, कलिंगडाएवढा, एका बाजूने काळानिळा. पंचनामा करून माणसाला आणले आणि चौथे काम खोडले.

"आभायातून पडला, साहेब," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीले. आगीचे तुकडे गेले वरतून, मंग वावरात धप्पकन पडला."

हवालदार हसला. "आभायात कोनाचं जिन हाये रे?"

मग दडवला कशाला, मी विचारले.

"दाखवला असता तरी मलेच धरलं असतं. मंगळवारी पोरीची सगाई हाये. पाव्हणे येऊन राह्यले. तेवढ्यापुरतं सोडा."

सोडले नाही. मग हवालदाराने हात उचलला. मी खोलीतच होतो आणि थांबवले नाही. रविवारी कोर्टातून पोलीस कोठडी घेतली. माणूस तेच सांगत राहिला.

मुद्देमालाची ओळख पटवायला जिनाचा मिस्त्री बुधवारी आला. त्याने गोळा फिरवून पाहिला. कुठे सांधा नाही, बोल्टाचे भोक नाही, नंबर नाही. आकाराच्या मानाने हलका, आणि कानस लागत नव्हती. "हा आमचा नाही," तो म्हणाला. "इकडल्या कोनत्याच कारखान्यातला नाही."

मी वावरात गेलो. खड्डा होता, भोवतीची तूर मोडलेली होती. परत येऊन बाजाराच्या दिवसाची स्टेशन डायरी उघडली. त्यात नोंद होती: दिवेलागणीस आकाशातून जळते तुकडे वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना दिसले, मोठा आवाज झाला, नुकसान नाही. अक्षर हवालदाराचे. खाली तपासल्याची सही माझी.

हवालदार म्हणाला, दिसले ते लिहिले, त्याचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नाही. मी तर वाचलेच नव्हते.

शेजारच्या ठाण्यांना विचारले. उमरखेडकडून कळले, त्यांच्या उत्तरेला उजेड दिसला होता. मुकुटबनकडे तो डोक्यावरून गेला होता. नकाशावर पट्टी ठेवली, तर रेषा त्या वावरावरून गेली. कोर्टाला अहवाल देऊन त्याच संध्याकाळी माणसाला सोडले. पाहुणे आदल्या दिवशीच परत गेले होते.

नंतर सरकारचा एक शास्त्रज्ञ जीपमधून आला. पृथ्वीभोवती फिरून खाली आलेल्या अग्निबाणाच्या वापरून झालेल्या टप्प्यातली ही वायूची टाकी आहे, बाकीचे वरच जळाले, असे त्याने सांगितले. कोणत्या देशाची, ते सांगितले नाही. गोळ्याची पोच दिली आणि तो गेला.

मी त्या शेतकऱ्याला निर्दोष असल्याचा दाखला लिहून दिला. त्याने घेतला नाही. "कागद सोयऱ्याइले वाचता येत नाही. तुमी चाला."

हवालदाराला घेऊन मी सोयऱ्यांच्या तांड्यावर गेलो. तिथल्या म्हाताऱ्या नाईकाने, तांड्याच्या प्रमुखाने, आम्हाला बाजेवर बसवले. हा चोर नाही, मी सांगितले. हवालदार खाली बघत म्हणाला, "मी सोता पाह्यलं. आभायातून जळत जाऊन राह्यलं होतं."

नाईकाने चिलीम बाजूला ठेवली. "पाह्यलं होतं, मंग याले मारलं काहून?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मारताना मी खोलीत होतो, हे मी तिथे सांगितले. एका बाईने पाणी आणून ठेवले.

सगाई पुढच्या महिन्यात झाली, हे खबऱ्याकडून कळले. आम्हाला बोलावणे नव्हते. जिनातली चोरी शेवटपर्यंत उघड झाली नाही.

त्यानंतर डायरी वाचल्याशिवाय मी कधी सही केली नाही. तेवढे एकट्याच्या हातात होते. फिर्याद आली की पहिली जीप तांड्याकडे वळायची, ती सवय मोडायचे मी कितीदा यादीत लिहिले. बदली झाली तेव्हा ते काम खोडायचे राहिलेलेच होते.